लेकीच्या गावचं पाणी

चैत्र सरत आला की सकाळच्या शाळेत मुली कमी दिसायला लागतात. मी हजेरी घेते, नाव पुकारते, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी सांगतं, "बाई, ती झोका खेळाले गयी." मी रागावत नाही. आखाजीच्या तोंडावर खानदेशातल्या पोरीला पाढे म्हणायला बसवणं हा माझ्या मते गुन्हा आहे. कडुनिंबाला दोर बांधलेले असतात, मोहोराचा कडवट वास उन्हाबरोबर खिडकीतून आत येतो, आणि माझंच लक्ष फळ्यावर नसतं.

पण परवा शाळा सुटल्यावर नदीकडून येत होते, तर तिसरीतल्या दोघी वाळूत बसून गोटे निवडताना दिसल्या. मुठीत बसतील असे, गुळगुळीत, ना फार जड ना फार हलके. ओटी भरून घेतलेले. मी त्यांच्या ओट्या खाली ओतल्या. एक पोर धिटाईनं म्हणाली, "बाई, खेळना गोटा शेत." खेळाचेच असतात ते, मला का ठाऊक नाही? तिच्या वयाची असल्यापासून मी तेच गोटे निवडत आले होते, आणि माझी निवड चांगली होती.

जो खानदेशातला नाही त्याला आखाजी सांगणं अवघड. तिकडे अक्षय तृतीयेला आमरस-पुरी खाऊन झोपतात. आमच्याकडे त्या दिवसांत लेकी माहेरी येतात आणि गावावर राज्य करतात. पुरुष चावडीवर उघड उघड पत्ते कुटतात, त्यांना कोणी हटकत नाही. लेकी दिवसभर झोक्यावर, त्यांनाही कोणी हटकत नाही. आणि शेवटी गौराई नदीवर न्यायची त्या दिवशी तर कळस. आमच्या गोमाई नदीच्या एका काठाला आम्ही, दुसऱ्या काठाला पलीकडच्या गावच्या लेकी. मधे वैशाखातली वाळू, कुठेतरी गुडघाभर डबकं. आधी शिव्या. आईबापाच्या, सासूच्या, नवऱ्याच्या, गावच्या पाटलाच्या, ज्या सुचतील त्या. आणि शिव्या संपल्या की गोटे. पायाजवळ पडतील असे मारायचे, पण एखाद-दुसरा लागायचाच. लागलेला वळ महिनाभर मिरवायचा. सासरी जाऊन वर्षभर जे गिळायचं असतं ते त्या एका संध्याकाळी नदीवर ओकून मोकळं व्हायचं, असा तो सण. एरवी माझं तोंड इतकं मोकळं कधीच सुटलं नाही.

माझी गंमत अशी की माझं माहेर या काठाला आणि सासर त्या काठाला. लग्न झालं तेव्हा बाया हसल्या होत्या, पोरीला वाळू ओलांडली की सासर! त्यामुळे आखाजीला मी माहेरच्या काठावर उभी, आणि समोरच्या काठावर माझीच नणंद, हिरकन. तीही आपल्या सासरहून, तळोद्याकडून, माहेरी आलेली. एरवी मला "वहिनी, वहिनी" करत माझ्या मागे मागे फिरणारी, माझ्या वेणीत फूल खोचणारी पोर. पण त्या दिवशी काठावर उभी राहिली की कसली वहिनी!

"कौतिक्ये! तुले कोन करत व्हतं? आम्हीच दया करी!" ती पदर खोचून ओरडायची.

"तुन्हा भाऊ शेंबडा! माले फसाडीसन लई गया!" मी.

दोन्ही काठ हसून हसून वाकायचे. हिरकनचा नेम मात्र जबर. गोफण न घेता नुसत्या हातानं ती आंब्याची कैरी देठाला मारून पाडायची. तिच्या हातून कधी मला लागलं नाही. लागू द्यायचं नव्हतं म्हणून लागलं नाही, हे मला माहीत होतं आणि तिलाही.

त्या वर्षी पटकी आली.

राज्य नवं झालेलं, जिल्हा परिषद नावाची नवी गोष्ट निघालेली, तिची पहिलीच निवडणूक तोंडावर. आमच्या गावच्या नानासाहेबांनी उभं राहायचं ठरवलं आणि पलीकडच्या गावच्या आबासाहेबांनीही. सरकारातला पक्ष आबासाहेबांकडे. मी आखाजीसाठी माहेरी आले तेव्हा भिंतींवर गेरूनं दोघांची नावं रंगवलेली होती, आणि पोरं एकमेकांच्या भिंतींवर शेण फेकत होती. तोवर सगळं मजेचंच चाललं होतं.

पहिला गेला तो तेली. सकाळी घाण्यावर होता, संध्याकाळी उचलला. मग त्याची बायको. मग शेजारची दोन लेकरं. ओकारी, हगवण, हातापायाला गोळे, डोळे आत गेलेले, आवाज बसलेला. माणूस सकाळी बघावा तसा दुपारी राहत नसे. मेलेल्याच्या घरी जायचं नाही असं ठरलं, मग आजाऱ्याच्या घरी जायचं नाही असं ठरलं, मग कोणी कोणाकडेच जाईना. दूधवाल्या म्हातारीनं कळशी दारात ठेवायची आणि हाक मारून पळायचं. तिरडीला चार माणसं मिळेनात तेव्हा बैलगाडीतून नेऊ लागले. आणि आमचे शहाणे लोक गल्लीच्या तोंडाशी शेगडीत सुक्या मिरच्या जाळू लागले. नंदुरबारच्या बाजाराला न्यायच्या मिरच्या, पोतीच्या पोती. रोग ठसकून पळेल म्हणे. रोग पळाला नाही, माणसं मात्र खोकून खोकून बेजार झाली. पाळण्यातली पोरं निळी पडेपर्यंत खोकायची. माझ्या नाकात तो वास अजून आहे. आजही कुठे मिरची करपली की मी आधी खिडक्या उघडते.

रोग कुठून आला यावर गावानं जेवढं डोकं चालवलं तेवढं पाणी उकळण्यावर चालवलं असतं तर निम्मी माणसं वाचली असती. कोणी म्हणे प्रकाशा गावच्या जत्रेहून आला. कोणी म्हणे डोंगरातून आला. डोंगरातल्या मोलगीकडची काही भिल्ल कुटुंबं दरसाल मिरची खुडायला येऊन वावराच्या कडेला खोप्या बांधून राहत. त्यांच्यात तोवर एकही आजारी नव्हता. तरी एका दुपारी नानासाहेबांची पोरं काठ्या घेऊन गेली. खोप्या पेटवल्या. एक म्हातारा गाडगी-मडकी गोळा करत होता, त्याच्या पाठीवर काठी मोडेपर्यंत मारलं. बायका पोरांना कडेवर घेऊन उन्हातून सातपुड्याच्या दिशेनं चालू लागल्या. मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. धूर दिसला तेव्हा मला वाटलं कुणी ऊस पेटवला. खरं कळलं तेव्हा मी रडले नाही, मला राग आला, आणि त्या रागाचं काय करावं ते कळलं नाही. गावात संध्याकाळी समाधान पसरलं होतं. काहीतरी केलं, असं लोकांना वाटत होतं.

मग तालुक्याहून पिण्याच्या पाण्यात टाकायची पांढरी पूड आली. ती आणणारा शिपाई आबासाहेबांच्या जीपमधून उतरला, तिथेच घोटाळा झाला. नानासाहेब पारावर उभे राहिले. "हाई पूड त्या आबासाहेबनी धाडेल शे," ते म्हणाले. "पेशात ते बायकास्ले पोऱ्या व्हनार नहीत. गाव बसाडाना डाव शे." पूड प्यायली तर बायकांना पोरंच होणार नाहीत, एवढं कानावर पडलं, बस. शिपायाला चपलांनी मारत वेशीबाहेर घालवलं, पुडीचं पोतं उकिरड्यावर. तोंडावर मतदान नसतं तर नानासाहेब असं बोलले असते का? मला नाही वाटत. त्यांच्या स्वतःच्या घरात पाणी उकळून पीत होते, हे त्यांच्या सुनेनंच मला सांगितलं.

आबासाहेब काही कमी नव्हते. सरकारनं दोन गावांत मिळून एक दवाखान्याची छावणी दिली, ती त्यांनी आपल्या गावच्या शाळेत लावून घेतली. सुया तिथे, औषधं तिथे, शिरेतून चढवायच्या मीठपाण्याच्या बाटल्या तिथे. आमच्या गावच्या माणसानं तिथे जायचं म्हणजे नदी ओलांडून आबासाहेबांच्या दारात जाणं. नानासाहेबांनी बजावलं, जो जाईल तो गावाचा नाही. बघा, वाळू तीच, नदी तीच, आणि माणसाचा जीव मधल्या मधे.

आणि त्यावर कडी म्हणजे गाडा.

मरीमायचा गाडा म्हणजे लाकडाची छोटी गाडी. तीत देवी बसवायची, तिला हिरवं लुगडं नेसवायचं, हिरव्या बांगड्या, लिंबं, कोंबडी. डफ वाजवत ती गावाच्या शिवेपर्यंत ओढत न्यायची आणि पलीकडच्या गावच्या हद्दीत सोडून मागे न बघता परत यायचं. रोग तिच्याबरोबर जातो असा समज. पुढच्या गावानं ती आपल्या पुढच्या शिवेवर सोडायची. वर्षानुवर्षं असंच चालत आलेलं, कोणी मनावर घेत नसे. पण त्या वर्षी नानासाहेबांनी गाडा मुद्दाम नदीपलीकडे, आबासाहेबांच्या केळीच्या मळ्यात नेऊन सोडला, आणि वर पारावर तसं सांगितलंही. पलीकडच्यांनी तो कुऱ्हाडीनं फोडून आमच्या काठावर आणून टाकला. मग नदीत मारामारी झाली. पलीकडच्या एकाचा हात कोपरातून मोडला, आमच्या एकाचे दात गेले. त्यानंतर दोन्ही काठांवर पहारे बसले. पुरुष काठ्या घेऊन वेशीवर, आणि नदीच्या बाजूला, दोन्हीकडे, बायका. कारण गोटे मारायची सवय त्यांनाच होती ना. सणाला शिकलेली कला अशी कामाला लागली.

आखाजी कुणी साजरी केली नाही. दोर झाडांना तसेच लोंबत होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझी माय चुलीपुढून उठली ती भिंत धरून खाली बसली.

दुपार व्हायच्या आत तिचं तोंड ओळखू येईना. हाताची कातडी चिमटीत धरली तर तशीच उभी राहायची. वडील माझे आधीच गेलेले, घरात मी आणि माझा धाकटा भाऊ उत्तम. माझे मालक मिरची घेऊन नंदुरबारला गेलेले, रोगामुळे रस्ते अडवल्यानं तिथेच अडकलेले. शेजारी दार उघडेनात. उत्तम म्हणाला, "अक्का, माले काय बी करोत. आपन मायले तिकडे लई जाऊत."

बाजेवर मायला घातलं. उन्हाचे चटके बसत होते, म्हणून हाताशी होतं ते लुगडं उत्तमनं तिच्यावर पांघरलं. आखाजीचं माझं नवं कोरं लुगडं, हिरवंगार. पुढे उत्तम, मागे मी. मायच्या पायाशी, नदीच्या वाळूत खणलेल्या आमच्या झिऱ्याच्या पाण्याचं मडकं, तिला वाटेत लागेल म्हणून. आमच्या काठावरच्या बायकांनी आम्हाला अडवलं नाही, तोंडं फिरवली. वाळूत उतरलो. पाय भाजत होते. निम्म्या वाळवंटात आलो आणि समोरच्या काठावर आरडाओरडा सुरू झाला.

"गाडा उना! गाडा उना!"

आधी मला कळेना कसला गाडा. मग समजलं. दोन माणसं काहीतरी हिरव्यानं झाकलेलं उचलून त्यांच्या हद्दीकडे चालली होती. त्यांना दुसरं काय दिसणार? मी "नही, नही" ओरडले, पण पहिला गोटा आलाच. तो उत्तमच्या कपाळावर बसला. असा नेमका, भुवईच्या वर. तो गुडघ्यावर आला, बाज पुढे कलंडली, माय वाळूत. मग गोट्यांचा पाऊस. मडकं फुटलं. माझ्या खांद्यावर, पाठीवर, हातावर. मी मायवर आडवी पडले. उत्तमच्या डोळ्यात रक्त उतरलेलं, तो आंधळ्यासारखा हातानं वाळू चाचपत होता.

तो पहिला गोटा कुणाचा ते मला बघावं लागलं नाही. तसा नेम त्या काठावर एकीचाच होता.

मी उठून उभी राहिले आणि दर आखाजीला मारते तशी बोंब मारली. "ओ हिरकन! तुन्हा हात झडो! मन्ही माय शे बाजवर! गाडा नही, मन्ही माय शे!"

शिव्या ओळखल्या तिनं. समोरच्या गर्दीतून एक बाई दोन्ही हात पसरून बायकांपुढे उभी राहिलेली मला दिसली. तिच्या पाठीत आपल्याच माणसांचे एक-दोन गोटे बसले. मग ती उतारावरून धावत सुटली, पदर कुठे, केस कुठे. येऊन तिनं माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. उत्तमच्या कपाळावर आपला पदर फाडून बांधला, बाजेची पुढची बाजू उचलली आणि म्हणाली, "चाल वहिनी."

शाळेच्या ओट्यावर माणसं ओळीनं निजवलेली. डॉक्टर तालुक्याला गेलेले, कंपाउंडर एकटा. धुळ्याकडचा पोरगा, झोपेनं डोळे लाल. "बाटल्या संपल्या," तो म्हणाला. "त्या आणायला आबासाहेबांची जीप गेली आहे, पण मधे त्यांच्या सभेला थांबली असं कळतं. संध्याकाळपर्यंत येईल. तोवर हे उकळलेलं पाणी, मीठ-साखर घातलेलं, घोट घोट पाजत राहा. थांबू नका. पाणी गेलं पोटात तर म्हातारी तगेल."

मी वाटी तिच्या ओठाला लावली. तिनं तोंड फिरवलं.

मला वाटलं भान नाही. पुन्हा लावली. तिनं दात आवळले. आणि बसलेल्या आवाजात, जेमतेम ऐकू येईल असं म्हणाली, "आंडेरना गावनं पानी नको माले."

आता हे कुणा शहरातल्या माणसाला सांगितलं तर हसेल. आमच्यात आईबाप लेकीच्या सासरी पाणी पीत नाहीत. नातवंडाचं तोंड दिसेपर्यंत तर त्या गावच्या विहिरीचंही नाही. लेक दिली, आता तिथलं काही घेतलं तर लेक विकली म्हणतात. माझ्या लग्नानंतर माय कितीदा आली असेल, उन्हातून आली तरी घशाला कोरड घेऊन उंबऱ्याबाहेर बसायची, दोन शब्द बोलायची आणि नदी ओलांडून परत जाऊन आपल्या झिऱ्यावर पाणी प्यायची. आम्ही हसायचो. मला मूल नव्हतं झालं अजून. तहानेनं जीभ काळी पडलेली बाई, तिच्या ओठापासून बोटभर अंतरावर पाणी, आणि ती दात उघडेना.

मी विनवण्या केल्या. पाया पडले. मग मला राग आला, इतका राग मला आयुष्यात कुणाचा आला नाही. मी तिचा जबडा धरला आणि चमचा घुसवला. तिचा ओठ फाटला. पाणी हनुवटीवरून रक्ताबरोबर वाहून गेलं, आणि राहिलेलं तिनं माझ्या तोंडावर थुंकलं. मी तिच्या गालावर मारलं. हो, मरायला टेकलेल्या आईला मारलं मी, आणि परत तशी वेळ आली तर परत मारीन.

"नरकमा जासू," ती म्हणाली. "सुखे मरू दे."

हिरकन हे सगळं बघत उभी होती. तिनं कोपऱ्यातली कळशी उचलली. "मावशी," ती मायजवळ वाकून म्हणाली, "तुमले तुमना गावनं पानी पाहिजे ना? मी लई येस."

मला तिला थांबवायला हवं होतं असं लोक म्हणतील. कोणाला पाठवणार होते? उत्तमला दिसत नव्हतं, माझा हात मायच्या डोक्याखाली होता, आणि ती निघालीसुद्धा.

पुढचं मी पाहिलं नाही. ज्यांनी पाहिलं त्यांनी नंतर इतक्या वेळा सांगितलं की आता मला दिसतं. हिरकन कळशी घेऊन वाळूत उतरली. आमच्या काठाखाली आमच्या गावचा झिरा, उन्हाळ्यात सगळं गाव त्यातूनच पाणी प्यायचं. पलीकडची बाई आमच्या झिऱ्याकडे आली, वाकली, कळशी पाण्यात घातली. आदल्याच आठवड्यात पांढऱ्या पुडीचं झालं होतं, पाण्यात विष म्हटलं की कुणालाही खरं वाटायचं. आमच्या काठावर कुणीतरी ओरडलं, "झिरामा इख टाकी ऱ्हायनी!"

ज्या बायकांबरोबर मी लहानपणापासून झोका खेळले, त्यांनी मारले ते गोटे. कोणी, किती, हे विचारून उपयोग नाही. जी ती म्हणते माझा लागला नाही. सगळ्यांचे नेम एकदम कसे चुकले, देव जाणे.

ती परत आली. शाळेच्या दारात मी तिला पाहिलं तेव्हा डाव्या कानामागून रक्त वाहून तिची चोळी भिजलेली होती, आणि कळशी तिनं पोटाशी धरली होती, निम्मी भरलेली. कंपाउंडरनं ती तिच्या हातातून घेतली, पाणी चुलीवर ठेवलं, मीठ-साखर घातली. हिरकन मायच्या पायाशी भिंतीला टेकून बसली. "तुमनाच झिरानं शे, मावशी," एवढं म्हणाली.

माय प्यायली. घोट, मग आणखी घोट. ओकली, पुन्हा प्यायली. दुपारभर मी वाटी धरून होते. दिवस मावळायच्या सुमारास बाटल्या आल्या आणि मायच्या हातात सुई गेली. तोवर हिरकनला डुलकी लागलेली. कंपाउंडर म्हणाला, झोपू द्या, दमली आहे. त्याला तरी काय ठाऊक. डोक्याचं रक्त आत उतरतं हे आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी ती उठली नाही.

माझी माय जगली.

निवडणुकीचं काय झालं हे कुणी मला विचारत नाही, पण मी सांगणार आहे. हिरकनला जाळून आलो त्याच दिवशी आबासाहेब सासरी आमच्या दारात आले, मोठ्यानं रडले आणि म्हणाले की नानासाहेबांच्या माणसांनी लेक मारली असा जबाब दे. उत्तमच्या कपाळाची पट्टी ओली असतानाच नानासाहेबांनी निरोप धाडला, तुझ्या भावाचं डोकं आबासाहेबांच्या गावानं फोडलं असा जबाब दे. दोघांनाही माझ्याकडून अर्धं अर्धं हवं होतं. मी फौजदाराला सगळं सांगितलं: गाडा, पूड, जीप, सभा, पहिला गोटा, शेवटचे गोटे. तो लिहिता लिहिता थांबला. "बाई, यात आरोपी कोण?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, पारावर उभं राहून बोलणाऱ्यापासून सुरू करा. त्यानं पेन खिशात घातलं.

पुढे आपसात मिटलं. मतदान झालं, एक निवडून आला, कोण ते सांगायची मला गरज वाटत नाही. कारण पुढच्याच वर्षी नदीवरच्या पुलाच्या पाहणीला दोघे एकाच जीपमधून आले. तोवर मी शाळेत शिकवायला लागले होते. शाळेच्या दारात उभी होते, पोरांना रांगेत उभं करून हारांसाठी. त्यांच्यातल्या एकानं मला नमस्कार केला. मी केला नाही. हेडमास्तरांनी नंतर समज दिली.

पटकी पावसाळ्यात ओसरली. रोगाचं मला आता फारसं भय वाटत नाही. पाणी उकळावं, सुई टोचून घ्यावी, हात धुवावेत, मी मुलांना रोज सांगते. भय वाटतं ते त्या एका ओरडण्याचं. कुणीतरी ओरडतं, "गाडा उना", "इख टाकी ऱ्हायनी", आणि हाताशी गोटा असतो.

हिरकन गेल्यानंतरच्या पहिल्या आखाजीला मी माहेरी गेले नाही. सासरच्या घरात चूल पेटवून नुसतं भाताचं पाणी ठेवलं होतं. सासूबाई वर्षभरात दहा शब्द बोलल्या नसतील. त्या दुपारी जात्याजवळ बसून तांदूळ निवडत होत्या. दारात सावली पडली. माय होती. एकटी, काठी टेकत, नदी ओलांडून आलेली.

ती नेहमीसारखी उंबऱ्याबाहेर बसली नाही. आत आली, सासूबाईंसमोर जमिनीवर बसली. दोघी एकमेकींकडे बघत नव्हत्या. मग माय म्हणाली, "विहीणबाई, तहान लागनी. पानी द्या."

तोवर मला मूल नव्हतं. तिच्या कुळात असं कुणी केलं नव्हतं.

सासूबाईंचे हात थांबले. त्यांनी सूप बाजूला ठेवलं. मग उठल्या, माठावरचं झाकण काढलं, तांब्या भरला आणि मायपुढे धरला. पण सोडला नाही.

"आते पेतस का, विहीणबाई?" त्या म्हणाल्या. "तवय पेतात, ते मन्ही हिरकन जित्ती ऱ्हाती."

"हा," माय म्हणाली. "ऱ्हाती."

सासूबाईंनी तांब्या सोडला. माय सगळं पाणी प्यायली, आणि रिकामा तांब्या पुन्हा पुढे केला.